क्रॉनिक म्हणजे केव्हापासूनचं?

रिपोर्टवर ‘क्रॉनिक’ शब्द दिसला की घरातले आवाज खाली येतात. ‘आता क्रॉनिक झालंय म्हणे’ यातही प्रकरण हाताबाहेर गेल्याचाच सूर. शब्द बिचारा एवढं काही म्हणतच नाही. ग्रीक ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. त्यावरून आलेलं हे विशेषण आजाराचं वय सांगतं, वजन नव्हे.

हे वय मोजायची पट्टी मात्र दर आजाराला निराळी. मोठ्या माणसाचा खोकला 8 आठवड्यांवर गेला की क्रॉनिक, अंगावरच्या पित्ताच्या गांधी 6, जुलाब 4. हिपॅटायटिस बी ला 6 महिने. क्रॉनिक ब्राँकायटिसची व्याख्या तर हिशेबनिसानंच लिहावी तशी: बेडक्याचा खोकला, वर्षातले निदान 3 महिने, तोही सलग 2 वर्षं. आयुर्वेदातही 21 दिवस उलटूनही अंगात रेंगाळणाऱ्या बारीक तापाला जीर्णज्वर म्हटलंय. तिथेही मोजलेत ते दिवसच.

किडनीच्या बाबतीत ही मोजणी फार कामाची. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं तरी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) चढतं आणि पाणी भरून निघालं की बहुधा उतरतं. म्हणून बिघाड 3 महिन्यांहून जास्त टिकल्याचं दिसलं, तरच ‘क्रॉनिक किडनी डिसीज’. वर्षभरापूर्वीचा रिपोर्ट रद्दीत गेला असेल, तर बहुतेक वेळा पुन्हा तपासण्यासाठी थांबणं आलं.

खरा घोळ आहे तो ‘ॲक्यूट’चा. त्याला आपण मराठीत ‘तीव्र’ करून ठेवलं. साधी सर्दी ॲक्यूटच. अचानक येते, थोड्या दिवसांत जाते. तिला तीव्र कोण म्हणेल? जोर सांगायला डॉक्टरांकडे ‘सिव्हिअर’ हा वेगळा शब्द आहे. दमा क्रॉनिक असून सौम्य असू शकतो, आणि त्याच दम्याचा एखादा झटका ॲक्यूट आणि सिव्हिअर, दोन्ही.

बायोप्सीत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, तर ‘क्रॉनिक’ हा शब्द कॅलेंडरही सोडतो. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या रोगप्रतिकारक पेशी जमलेल्या दिसल्या की सूज ‘क्रॉनिक’. सोबत न्यूट्रोफिल ही पांढऱ्या पेशींची दुसरी जात असली की ‘ॲक्टिव्ह’. ‘क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस’ हे वाचायला भयंकर वाटतं, पण त्यात लिहिलंय ते इतकंच, की जठराच्या अस्तरात ‘क्रॉनिक’वाल्या आणि ‘ॲक्टिव्ह’वाल्या, दोन्ही पेशी सापडल्या.