काका की वडील, आई की मावशी

माझे मधले काका नोकरीनिमित्त बडोद्याला राहिले आणि अविवाहित म्हणूनच गेले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर दोन महिन्यांनी तिशीतला एक तरुण आपल्या आईला घेऊन आमच्या साताऱ्याच्या घरी आला आणि काका हे आपले वडील होते, असे त्याने शांतपणे सांगितले. घरात वाटा मागायला आलेलो नाही, असेही तो म्हणाला. परंतु भावकीत अशा वाक्यावर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही. शेवटी माझ्या वडिलांनीच डीएनए चाचणीचा विषय काढला आणि त्याने लगेच होकार दिला.

अडचण अशी, की काकांवर अग्निसंस्कार झालेले. अस्थींच्या राखेतून डीएनए मिळण्याची आशा नसते. बायोप्सीचा तुकडा मेणात घालून रुग्णालये जपून ठेवतात आणि त्यातून कधीकधी काम भागते, पण काकांची बायोप्सी कधी झालीच नव्हती. राहता राहिली त्यांची भावंडे.

सख्खा काका आणि पुतण्या यांच्यात सरासरी २५ टक्के डीएनए समाईक असतो. प्रयोगशाळा मात्र सगळा डीएनए वाचत नाही. ठरावीक वीस-बावीस ठिकाणे पाहते. अशा प्रत्येक ठिकाणी मुलाला एक प्रत आईची आणि एक वडिलांची मिळते, म्हणून दोन-तीनपेक्षा अधिक ठिकाणी वडिलांशी विसंगती दिसली, तर ते वडील नव्हेत असे ठामपणे म्हणता येते. काकांच्या बाबतीत प्रत्येक ठिकाणी वारशाने तीच प्रत येण्याची शक्यता मुळातच निम्मी असते. त्यामुळे सख्ख्या काकांचेही कित्येक ठिकाणी जुळत नाही आणि केवळ तेवढ्यावरून त्यांना वगळता येत नाही.

पहिल्या फेरीत माझे वडील आणि तो तरुण अशा दोघांचेच नमुने दिले. अहवालात ‘९१.७ टक्के’ असा आकडा पाहून घरात आनंद झाला, पण वरच्या ओळीतला आकडा फक्त ११ होता. याचा अर्थ, ते परके असण्यापेक्षा काका-पुतणे असल्यास असा निकाल येणे अकरापट संभवनीय आहे. आधीपासून पन्नास टक्के शक्यता गृहीत धरली, की अकराचे ९१.७ टक्के होतात. ही पन्नास टक्के कोणी ठरवली, हे अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते, आणि माझ्या मते ते सर्वांत ठळक छापायला हवे.

डीएनए ठशांच्या इतिहासातले पहिले प्रकरण अशाच प्रश्नावर उभे होते. लेस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीज यांना ही पद्धत सप्टेंबर १९८४ मध्ये सापडली आणि पुढच्याच वर्षी घानाहून ब्रिटनला परतलेल्या एका मुलाचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. मुलगा ज्या बाईंना आई म्हणत होता, त्या त्याच्या मावशी असाव्यात, अशी अधिकाऱ्यांना शंका होती. जुन्या रक्ततपासण्या नाते आहे एवढेच सांगत होत्या. आई की मावशी, तेथे त्या अडखळत होत्या. वडील उपलब्ध नव्हते. तेव्हा जेफ्रीज यांनी त्या बाईंच्या इतर तीन मुलांच्या ठशांवरून वडिलांच्या खुणा जुळवल्या. मुलाची प्रत्येक खूण आईत किंवा त्या भावंडांत सापडली आणि त्याला आईजवळ राहता आले.

आम्हीही मग माणसे वाढवली. त्या तरुणाच्या आईचा नमुना घेतल्यावर आईकडून आलेले वेगळे काढता आले आणि उरलेले आमच्याशी ताडता आले. आत्या आली ती तोंडात सुपारी घेऊनच. तिला चूळ भरून अर्धा तास बसवले आणि मग गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. ‘माझा भाचा आहे का, एवढंच सांगा,’ असे ती त्या तंत्रज्ञ मुलीला तीनदा म्हणाली. या वेळी आकडा काही हजारांवर गेला.

वाय गुणसूत्रही जुळले. पण ते बापाकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जात असल्याने चुलत-चुलत भावांतही एकच असते. त्यातून भावकी कळते, सख्खा काका कळत नाही. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यापासून त्यांच्याकडच्या गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांना मुले झाली का, असा जुना वाद होता. १९९८ मध्ये जेफरसन यांच्या काकांच्या वंशजांचे वाय गुणसूत्र सॅली यांच्या वंशजाशी जुळले, तेव्हाही जेफरसन घराण्यातला नेमका कोणता पुरुष, हे त्या चाचणीने ठरले नव्हते.

आमच्या दुसऱ्या अहवालाची शेवटची ओळ होती: ‘नमुने देणाऱ्यांच्या कोणत्याही सख्ख्या भावाचे अपत्य असण्याशी हा निकाल सुसंगत आहे.’ ती वाचून बैठकीत कोणी बोलेना, कारण धाकटे काका त्याच काळात शिकायला बडोद्याला मधल्या काकांकडे राहत होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि मला म्हणाले, ‘उद्या मलाही घेऊन चल.’

त्यांची चाचणी काका म्हणून नव्हे, तर संभाव्य वडील म्हणून झाली, म्हणून उत्तरही सरळ आले. सहा ठिकाणी जुळत नव्हते आणि अहवालात ‘वगळले’ एवढाच शब्द होता. तो कागद त्यांनी घडी करून आत्याला वाचायला दिला. आत्याने तो न उघडताच त्या मुलाला चहा घेणार का, असे विचारले.