पहाटेची फिकट बाटली

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो. पाण्यातला ऑक्सिजन मोजून द्या, अशी मागणी आमच्याकडे येते ती बहुधा कृष्णेत मासे तरंगू लागल्यावरच. लोक भर दुपारी प्लॅस्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत पाणी आणतात. तोवर शेवाळाने उन्हात ऑक्सिजन सोडलेला असतो, बाटलीतली हवा पाण्यात मिसळलेली असते आणि पहाटे ऑक्सिजन किती खाली गेला होता त्याचा मागमूस उरलेला नसतो. हे कितीदाही सांगितले तरी कोणी मनावर घेत नाही.

त्या दिवशी मात्र आमची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून चार बीओडी बाटल्या, म्हणजे ऑक्सिजन मोजण्यासाठीच्या घट्ट बुचाच्या काचेच्या बाटल्या, घेऊन आली. ओहोटीला समुद्रापासून तुटणाऱ्या आणि खडकावर प्रवाळ असलेल्या एका डबक्यातले ते पाणी होते. दोन बाटल्या संध्याकाळच्या ओहोटीच्या, दोन पहाटेच्या. जागेवरच मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालून तिने पाण्यातला ऑक्सिजन साक्याच्या रूपात बांधून घेतला होता, आणि बाटल्या गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून, काळ्या कापडाने झाकून, एसटीत बादली पायांत धरून आणल्या होत्या. रसायनशास्त्रज्ञ विंकलरची ही रीत १८८८ सालची आहे, आणि ती इतक्या निगुतीने पाळणारे हात आता क्वचितच दिसतात.

साका जितका गडद, तितका ऑक्सिजन जास्त. संध्याकाळच्या बाटल्यांच्या तळाशी गर्द तपकिरी साका होता. पहाटेच्या बाटल्यांतला साका जेमतेम बदामी. आम्ल घालून २०० मिली पाणी टायट्रेट केले, म्हणजे स्टार्चने आलेला निळा रंग उडेपर्यंत त्यात थेंब थेंब थायोसल्फेट सोडले. सोडियम थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल असले की १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन, इतका हा हिशेब सरळ आहे. पहाटेच्या दोन्ही बाटल्यांचा निळा रंग २ मिलीच्या आतच उडाला, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमही ऑक्सिजन नव्हता. बुडबुडा अडकला असता तर आकडा वाढला असता, घटला नसता.

विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “प्रवाळ जिवंत आहेत ना? मग हानी कुठे झाली?” मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे. प्रश्न चुकीचा नव्हता, पण तो मासे मोजणाऱ्यांचा होता. ऑक्सिजन फारच खाली गेला तर मोठे प्रवाळही मरतात; पनामातल्या बोकास देल तोरो इथे २०१० मध्ये तसे घडले. परंतु मोठ्या प्रवाळाच्या पेशींत शैवाल राहते, ते दिवसा त्याला ऑक्सिजन पुरवते आणि रात्रीची तूट सकाळी भरून निघते. पाण्यात अंडी सोडणाऱ्या प्रवाळाच्या बहुतेक जातींच्या अळीजवळ, म्हणजे पोहत जागा शोधणाऱ्या पिल्लाजवळ, हे शैवाल नसते. जेमतेम मिलिमीटरभराच्या त्या जिवाला भोवतालच्या पाण्यात असेल तेवढाच ऑक्सिजन मिळतो. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात अशा अळ्या तळ चाचपण्याचे आणि खडकाला चिकटण्याचे टाळतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्या मरतातच असे नाही. त्या तिथे बसत नाहीत. शेवाळाने माखलेल्या खडकालगतच्या पाण्याच्या पातळ थरात तर रात्री ऑक्सिजन आणखी घटतो, आणि अळीला जागा शोधायची असते ती नेमकी तिथेच. हे नुकसान किनाऱ्यावर तरंगत येत नाही, त्यामुळे कोणी बाटली घेऊन आमच्याकडे येणारही नाही.

पुढच्या अमावस्येला ती पुन्हा जाणार आहे. “सर, रात्रभर तासातासाला पाणी घेऊ का?” असे तिने विचारले, तेव्हा मी कपाटातल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या आणि प्रत्येक बूच त्याच्या त्याच्या बाटलीत घट्ट बसते का, हे आम्ही दोघांनी अंधार पडेपर्यंत तपासले.