नाव झाकून ठेवलेलं चित्र

सॅली गॅबोरी यांची चित्रं पडद्यावर दाखवली की हमखास कोणीतरी विचारतं, "हे तर नुसते रंग आहेत. मग खाली जागेचं नाव कशाला?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पूर्वी मी स्वतःच नावं झाकून चित्रं दाखवायचे. अमूर्त चित्र नाव न वाचता बघावं, नावामुळे नजर बांधली जाते, असं बेधडक सांगायचे. बऱ्याच चित्रकारांबद्दल आजही सांगेन. इथे मात्र मी साफ चुकले होते.

गॅबोरी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, कार्पेंटारियाच्या आखातातल्या बेंटिंक बेटावरच्या. आदिवासी समाज कायाडिल्ट, जन्म १९२४च्या सुमारास. 'सॅली' हे नंतर चिकटलेलं नाव. मूळ नाव मिर्डिडिंगकिंगाथी जुवार्न्डा. पहिला शब्द सांगतो की जन्म मिर्डिडिंगकी या ओहळापाशी झाला. दुसरा म्हणजे डॉल्फिन, त्यांचं देवकच म्हणा ना. म्हणजे बाईंना हाक मारली तरी जागेचा उच्चार होतोच.

१९४८ साली आधी दुष्काळ, मग वादळात समुद्र आत घुसला आणि गोडं पाणी खारं झालं. मिशनऱ्यांनी बेटावरच्या माणसांना मॉर्निंग्टन बेटावर हलवलं. मुलं वसतिगृहात, आईबापांपासून वेगळी. आईच्या तोंडची कायार्डिल्ड भाषा त्यांच्या कानावर पडेनाशी झाली आणि पुढच्या पिढीत ती नीट उतरलीच नाही. या भाषेत दिशेवाचून पान हलत नाही. आपण म्हणू 'जरा डावीकडे सरक', तिथे माणूस उत्तरेला किंवा पूर्वेला सरकतो.

गॅबोरींनी ब्रश हातात घेतला तो २००५ साली, ऐंशीच्या घरात. इंग्रजी जेमतेम यायचं. कायाडिल्टांकडे चित्रं काढायची अशी परंपरा नव्हती, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या खुणाही नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आदिवासींच्या ठिपक्यांच्या चित्रांत लोक पाणवठा, पाऊलखुणा शोधतात. इथे तसं शोधायला जाल तर हात हलवत परत याल. अमेरिकन अमूर्त चित्रकारांशी तुलना करणारेही भेटतात. मला ती तुलना आळशी वाटते.

मग बघायचं काय? ओल्या ॲक्रिलिकमध्येच दुसरा रंग ओढलेला असतो. गुलाबी पांढऱ्यात शिरतो, जराशाने गढूळ होतो, भरतीचं पाणी चिखलात मिसळावं तसा. मधेच मोठी कमान दिसते. बेटाच्या किनाऱ्यावर दगड रचून केलेले अर्धगोल बांध आहेत. भरतीबरोबर आत आलेले मासे ओहोटीला त्यात अडकतात. या बांधांची डागडुजी गॅबोरींनी स्वतः केलेली. दगड उचलून पाठीला कळ लागलेल्या बाईने ओढलेली रेघ आहे ती.

आणि नावं. डिबिर्डिबी हा नवऱ्याचा मुलूख, तिथे त्याच नावाच्या मत्स्यपूर्वजाची कथा नांदते. थुंडी वडिलांचा, मकारकी भावाचा. दहा वर्षांच्या आत त्यांनी दोन हजारांवर चित्रं केली आणि हीच मोजकी नावं पुन्हा पुन्हा दिली. एकच डिबिर्डिबी कधी लालभडक, कधी काळी-पांढरी. मी नावं झाकत होते, म्हणजे नवरा, बाप, भाऊ यांनाच चित्राबाहेर उभं करत होते! शिवाय ज्या भाषेत बोलायला माणसंच उरत नव्हती, तिचे चार शब्द त्या पाटीवर होते, तेही मी झाकले.

आता आधी नाव वाचते, मग चित्र दाखवते. उच्चार धड होत नाही, पण वाचते. थुंडीच्या काही चित्रांत जवळजवळ सगळा पांढराच रंग आहे. ते बघून एका शाळकरी मुलीने विचारलं, "वडिलांकडे एवढं पांढरं काय होतं?" मीठ फुटलेली सपाट जमीन, लाटांचा फेस, ढग. त्या बेटावर पांढऱ्याला तोटा नाही.