कॉपिंग पेन्सिलीचा डाग

जुलैत ठाणे शहरात जुने कागद दुरुस्त करायचे म्हणजे आधी हवेशी भांडण. त्या दिवशी सकाळी खोलीतला आर्द्रतामापक ७१ टक्के दाखवत होता. डीह्युमिडिफायर अडीच तास चालवून काटा ५५ वर आणला, तोवर आलेलं पाकीट न उघडता टेबलावर ठेवलं. कोरड्या कपाटातून निघालेला कागद एकदम दमट हवेत आला की फुगतो आणि वेडावाकडा होतो.

पाकीट घेऊन आले होते ठाण्यातल्याच चरईतले एक गृहस्थ आणि त्यांची ८४ वर्षांची आत्या. मूळ घर महाडच्या बाजूचं. आत्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होते. पाकिटात एक चांदीचं पदक आणि बसऱ्याच्या इस्पितळातून आईला लिहिलेलं एक पत्र होतं. पत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावायचं असं पुतण्याच्या मनात होतं. कोणीतरी अडवलं म्हणून ते आधी माझ्याकडे आले. अडवणाऱ्याचे उपकारच म्हणायचे. लॅमिनेशनमध्ये प्लॅस्टिक उष्णतेने वितळून तंतूंमध्ये शिरतं, ते पुढे कागदाला धक्का न लावता निघत नाही, आणि या पत्रावरच्या पेन्सिलीसाठी तर तो शेवटच ठरला असता.

आधी पदक पाहिलं. ते ब्रिटिश वॉर मेडल होतं. त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लढाऊ शिपायाला ते चांदीचं मिळे. पखालवाले, हमाल, मजूर तुकड्यांतली माणसं यांना काशाचं. या पदकाची कड दर दसऱ्याला चिंच-मीठ लावून घासल्यामुळे झिजली होती, पण आडव्या उजेडात ‘११०’ आणि ‘महरट्टा’ वाचता आलं. म्हणजे ११० वी मराठा. ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये, म्हणजे टायग्रिस नदीवरच्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती. १०३ वी आणि ११७ वी मराठाही तिथेच होत्या.

मग पत्र. चतकोर कागद, दोन घड्या, मोडी लिपी, वर शके १८३८, वैशाख वद्य. म्हणजे मे १९१६ चा उत्तरार्ध. कुत २९ एप्रिलला पडलं, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांपैकी हजाराहून अधिक आजारी आणि जखमी लगेच अदलाबदलीत सुटून नदीमार्गे खाली आले. पत्राची तारीख आणि जागा पाहता हा शिपाई त्यांच्यातलाच असणार. बाकीच्यांना वाळवंटातून पायी हाकत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, आणि त्यातले हजारो घरी परतलेच नाहीत.

पत्राच्या मधोमध, सहाव्या ओळीवर, सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा जांभळा डाग होता. घरात या पत्राचं वाचन ठरून गेलेलं होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी गावातल्या एका मोडी येणाऱ्या गुरुजींनी ते वाचलं होतं. डागाच्या आधी ‘शिधा सरला घोड्याचे’ आणि डागानंतर ‘नाही’. मधले शब्द त्यांनी अंदाजाने भरले: घोड्याचे मांस खाल्ले नाही. तेव्हापासून घरात सांगतात, आजोबा उपाशी राहिले पण बाटले नाहीत. आत्यांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज ताठ होता. लगेच म्हणाल्या, “पण गर्व म्हणून नव्हता हो त्यांना. पंगतीला कायम शेवटच्या पानावर बसायचे. फौजेतला माणूस, शिस्तीचा.”

कुतमध्ये घोड्याच्या मांसाचा प्रश्न खरोखर जिवाचा झाला होता. वेढ्यात अडकलेल्या जनरल टाउनशेंडच्या फौजेकडे शेवटच्या दिवसांत माणशी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पीठ उरलं होतं. विमानातून धान्याची पोती टाकली गेली, दळायला जात्याचे दगडसुद्धा टाकले गेले. गोरे शिपाई घोडे आणि खेचरं खात होते. हिंदी शिपायांतले बहुतेक, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, नको म्हणाले. याचा परिणाम दवाखान्यात दिसला. मैद्याच्या पावावर असलेल्या गोऱ्यांना बेरीबेरी, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग झाला. आपल्या लोकांना कोंड्यासकट पीठ आणि डाळ मिळत होती, त्यामुळे ते बेरीबेरीतून वाचले. पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने हिरड्या सडल्या, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवून ती पलटणींना सांगितली गेली. तरीही बरेच जण अडून राहिले. देवाच्या कोपापेक्षा गावाची धास्ती मोठी होती. परत गेल्यावर पंगतीला घेतील का, पोरीबाळींची लग्नं होतील का? हजारो मैलांवरचं गाव उपाशी माणसाचा हात धरून ठेवू शकतं, हे मला त्या वेढ्याच्या हकिकतींत सगळ्यात हलवून सोडणारं वाटतं. एप्रिलमध्ये वरून दडपण वाढलं आणि मग मात्र हजारो जण खाऊ लागले.

आता कामाकडे. पत्र कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेलं. या पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट, माती आणि जांभळा अ‍ॅनिलीन रंग असतो. कोरडी असताना अक्षर राखाडी दिसतं. ओल लागली की रंग विरघळून जांभळा पसरतो आणि कायमचा बसतो. आघाडीवर दौत-टाक सांभाळणं अवघड, म्हणून ही पेन्सिल शिपायांच्या खिशात असे. माझ्या दृष्टीने हे सगळ्यात नाजूक लेखन. खात्रीसाठी शेवटच्या रेघेच्या टोकाला सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशच्या एका केसाने पाणी टेकवलं. क्षणात जांभळं. दुसऱ्या टोकाला अल्कोहोल. तेही जांभळं. म्हणजे धुणं बंद, आम्ल काढण्याची अंघोळ बंद, वाफ देऊन सपाट करणं बंद, अल्कोहोलमधली चिकटही बंद.

मागच्या बाजूला सेलोटेपच्या दोन पट्ट्या होत्या. प्लॅस्टिक वाळून स्वतःच सुटलं होतं, पिवळा चिकटा मात्र कागदात उतरला होता. एरवी तो द्रावकाने निघतो. इथे क्रेप रबराने, गोल न फिरवता एकाच दिशेला, हलक्या हाताने जमेल तेवढा उचलला. त्याला चाळीस मिनिटं गेली. डागाच्या बरोबर मागे आलेला चिकटा तसाच ठेवला. तिथे कागद आधीच पातळ होता, आणि स्वच्छतेपायी भोक पाडण्यात शहाणपण नाही.

हे करतानाच खटकलं. पावसाच्या गळतीचा डाग पसरत जातो आणि जिथे थांबतो तिथे गडद कड सोडतो, भरतीच्या पाण्याने वाळूवर सोडावी तशी. या डागाला कड नव्हती. दिवा कागदाच्या पातळीला दहा-बारा अंशांवर आणून आडवा उजेड टाकला, तर डागाच्या जागी तंतू उभे राहिलेले दिसले, सगळे एकाच दिशेला, उजवीकडून डावीकडे. बाकी कागद गुळगुळीत. म्हणजे तिथे पाणी गळलं नव्हतं. ओल्या अंगठ्याने कोणीतरी तेवढाच मजकूर पुसला होता.

आणि डागानंतरची ओळ मी पुन्हा वाचली. ‘नाही’ च्या पुढे होतं: ‘गावी कोणी काही बोलले तर मनास लाऊन घेऊ नये’. जर खाल्लंच नव्हतं, तर गावी कोणी बोलेल कशाला?

अशा डागाखालचं वाचायला इन्फ्रारेड उजेड उपयोगी पडतो. जांभळा अ‍ॅनिलीन रंग त्या उजेडात जवळपास पारदर्शक होतो. ग्रॅफाइट मात्र कार्बन असल्यामुळे काळंच दिसतं. सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून घेतलेला कॅमेरा, ८५० नॅनोमीटरचा फिल्टर आणि हॅलोजनचे दोन दिवे एवढं पुरतं. हॅलोजन तापतो, म्हणून दिवे मीटरभर लांब आणि फक्त फोटोपुरते सुरू. फोकस डोळ्याला दिसणाऱ्या उजेडात लावला तर इन्फ्रारेडमध्ये चुकतो. तो स्क्रीनवर पाहून नव्याने लावावा लागतो. पहिले तीन फोटो मी याच चुकीने घालवले.

चौथ्या फोटोत डाग विरला आणि खाली अक्षरं दिसली. घासल्यामुळे काही ठिकाणी ग्रॅफाइट निघून गेलं होतं, तिथे पेन्सिलीच्या दाबाची खाच आडव्या उजेडात शोधली आणि दोन्ही फोटो एकमेकांवर बसवले. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा नेम नाही. म्हणून एकट्याच्या वाचनावर विसंबायचं नाही असा माझा नियम आहे. ठाण्यातच राहणारे मोडीचे एक जाणकार सर आहेत. त्यांना फक्त फोटो पाठवला, घरातलं वाचन मुद्दाम सांगितलं नाही. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. त्यांनी वाचलं तेच मी वाचलं होतं:

‘शिधा सरला घोड्याचे खाल्ले मी येकला नाही गावी कोणी काही बोलले तर मनास लाऊन घेऊ नये’.

‘नाही’ हा ‘खाल्ले’ चा नव्हताच. तो ‘येकला’ चा होता.

हे कसं सांगायचं यावर मी विचार केला, पण थोडाच. कागदात जे आहे ते मालकाला सांगायचं, त्यात आपली माया मिसळायची नाही. दुपारी चारला दोघं आले. मी स्क्रीनवर ओळ मोठी करून दाखवली, एकेक अक्षर बोटाखाली घेऊन. पुतण्या म्हणाला, “म्हणजे खाल्लं होतं?” आत्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला ती ओळ दुसऱ्यांदा वाचायला लावली, मग तिसऱ्यांदा. मग त्यांनी पुढचं विचारलं. पुढे लिहिलं होतं की हिरड्यांतून रक्त जात होतं ते आता थांबलं आहे, इस्पितळात लिंबाचं पाणी देतात, बैलाचे पैसे सावकाराला पोचले का ते कळवावे.

“पुसलं कोणी?” त्यांनी विचारलं.

ते कागद सांगत नाही. लिहिणाऱ्याने पाठवण्याआधी थुंकी लावून पुसलं असेल, आईने पुसलं असेल, घरातल्या आणखी कोणी. घासल्याची दिशा कळते, हात कळत नाही. मी तेवढंच सांगितलं.

बराच वेळ पावसाचा आवाज होता. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे ते शेवटच्या पानावर...” आणि पुढे बोलल्या नाहीत.

मला वाटतं, भुकेने माणूस नाती विसरतो असं जे सरसकट बोललं जातं ते या एका ओळीपुढे टिकत नाही. खाताना याच्या मनात गाव होतंच. फक्त त्या घासाला त्याच्याबरोबर आणखी माणसं होती, आणि आईला सांगताना त्याने आधार घेतला तो त्यांचाच. भूक होती म्हणून खाल्लं असं त्याने लिहिलं नाही. एकटा नव्हतो, असं लिहिलं.

पुतण्याला भिंतीवर लावण्यासाठी प्रत हवी होती, डाग संगणकावर पुसून. तांत्रिकदृष्ट्या ते अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, इन्फ्रारेडचा फोटो वेगळा देतो, पण मूळ पत्राच्या प्रतीतून डाग काढणार नाही, कारण तो अंगठाही या पत्राचाच भाग आहे. तो वाद घालणार होता. आत्या म्हणाल्या, “राहू दे डाग. आजोबा तो घेऊनच जगले.”

उरलेलं काम दुसऱ्या दिवशी पुरं केलं. खालच्या कोऱ्या समासातली चार सेंटिमीटरची फाट गव्हाच्या स्टार्चच्या खळीने सांधली. एक भाग स्टार्च आणि पाच भाग पाणी अर्धा तास ढवळत शिजवून, थंड झाल्यावर तीनदा गाळणीतून काढलेली, आणि लावण्याआधी टिपकागदावर जवळजवळ कोरडी केलेली खळ. वर कोझो नावाच्या झाडाच्या तंतूंचा पातळ जपानी टिश्यू. अक्षरांजवळच्या घडीला पाणी चालणार नव्हतं, तिथे उष्णतेने चिकटणारी बेव्हा फिल्म लावलेला टिश्यू साधारण ६५ अंशांच्या लहान इस्त्रीने बसवला. मग टिपकागदांत, दोन किलोच्या वजनाखाली, आठ दिवस. घाई केली तर घडी परत उठते.

देताना आम्लविरहित जाड कागदाची घडी, त्याबाहेर पॉलिएस्टरची पिशवी, तीही दोन बाजूंनी उघडी, म्हणजे आत दमट हवा कोंडणार नाही. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, ठाण्यात पावसाळ्यात त्या भिंती पाझरतात. सिलिका जेल ठेवलंत तर महिन्याने बदला. आणि पदकाला पुन्हा चिंच लावू नका, कडेवरचे शेवटचे आकडे जातील.

आठवड्याने पुतण्याचा फोन आला. इन्फ्रारेडच्या फोटोच्या आणखी प्रती हव्या होत्या, सहावी ओळ पूर्ण दिसेल अशा, खाली बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, वाचनासकट. गणपतीला गावी जाताना न्यायच्या होत्या.

“किती?”

“आत्या म्हणते, भावकीत जितकी घरं तितक्या. बावीस.”

सुती कागदावर, पिग्मेंटच्या शाईत काढून दिल्या.