मेर नकाशात येईपर्यंत

माझ्या पहिल्या नकाशात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली कुळागरं, म्हणजे उतारावरच्या माडा-पोफळींच्या बागा, लालभडक होती. लाल म्हणजे जिथून माती सगळ्यात जास्त वाहून जाते ती जागा. ज्या कुळागरात मी लहानाची मोठी झाले, जिथल्या पाटाचं पाणी पाऊस ओसरला की तासाभरात नितळ होतं, तेच धुपून चाललंय असं संगणक सांगत होता. दोन दिवस मी तो नकाशा कुणालाच दाखवला नाही.

संशोधनाचा विषय मीच निवडला होता. सेंद्रिय शेतीने माती आणि ओहोळाच्या पाण्यात खरोखर काय फरक पडतो, आणि गावाच्या नकाशावर तो नेमका कुठे पडतो, हे मला बघायचं होतं. धुपेसाठी आरयूएसएलई हे सूत्र घेतलं. त्यात पाच गोष्टींचा गुणाकार असतो: पावसाचा मारा, मातीचा धुपण्याचा गुण, उतार, जमिनीवरचं झाकण आणि धूप अडवायला माणसाने केलेली कामं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रंही मोफत. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ भरलेलं, म्हणजे माती वाहते त्याच दिवसांत वरून काही दिसत नाही. म्हणून ढगांपलीकडे पाहणारं सेंटिनेल-१ चं रडार शिकावं लागलं. त्यात महिना गेला.

लाल रंगाचं कोडं मात्र संगणकावर सुटलं नाही. छापील नकाशा घेऊन मी वरच्या वाड्यावरच्या काकींकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, आपलं कुळागर शोधलं आणि विचारलं, "बाय, ह्यात आमची मेर कुठे आहे?"

मी समोर पाहिलं. जांभ्या दगडांची, चुना-सिमेंट न लावता रचलेली गुडघाभर उंच मेर. तिच्या वर पोफळीच्या दोन ओळी मावतील एवढी पट्टी, मग पुढची मेर, अशा पायऱ्या थेट ओहोळापर्यंत. आणि जमिनीच्या उंचीच्या ज्या माहितीवरून मी उतार काढला, तिच्यातला एक चौकोन ३० मीटरचा! अशा कितीतरी पायऱ्या त्याने एकाच उतारात गिळल्या होत्या. शिवाय ती माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातल्या रडारने मोजलेली. त्या लहरी माडा-पोफळींच्या दाट शेंड्यांतून पूर्ण खाली पोचत नाहीत. त्यामुळे जिथे कुळागर संपून भातशेत सुरू होतं, तिथे मॉडेलला झाडांच्या उंचीचा कडा दिसत होता. कडा नव्हताच. मेरांची नोंद नाही म्हणून धूप अडवण्याच्या कामांचा आकडाही मी सरसकट १ धरला होता, म्हणजे इथे कुणी काहीच केलेलं नाही असं मीच मॉडेलला सांगितलं होतं. ही चूक मला फार लागली. पिढ्यान् पिढ्या रचलेले दगड मी एका आकड्यात पुसून टाकले होते.

पुढचे काही आठवडे टेप घेऊन मेरा मोजल्या. पोफळीखाली मोबाइलचं जीपीएस इकडेतिकडे उडतं, म्हणून विहिरीपासून अंतरं घेतली. आळ्यातल्या झावळ्या, पाचोळा, मिरीचे वेल, केळी हे झाकण उपग्रहाला दिसत नाही, ते डोळ्यांनी पाहून लिहिलं. नकाशातला लाल रंग बराचसा मावळला.

मग मातीतल्या सेंद्रिय कर्बाकडे वळले. सेंद्रिय शेतांत कर्ब जास्त आला, कर्बाचा अंदाज बांधणारं मॉडेलही छान जुळलं, सगळे खूश. पण मॉडेलच्या अंदाजातल्या चुकांचा नकाशा काढला तर चुका विखुरलेल्या नव्हत्या, घोळक्याने बसल्या होत्या. सारखे आकडे नकाशावर शेजारी-शेजारी जमतात का, हे सांगणाऱ्या मोरान्स आय या मोजमापानेही तेच दाखवलं. कारण उघड होतं: माझी बहुतेक सेंद्रिय शेतं वर रानाला लागून, रासायनिक खालच्या सपाटीला. मी शेतीच्या पद्धतींची नव्हे, डोंगराची आणि मैदानाची तुलना करत होते. चाचणीसाठी बाजूला काढलेले नमुनेही ज्यांवरून मॉडेल शिकलं त्या नमुन्यांचे शेजारीच होते, म्हणून मॉडेलला चाचणीत मिळालेला गुण खोटा. पूर्ण पट्टेच्या पट्टे वगळून चाचणी घेतली तेव्हा गुण कोसळला. मार्गदर्शकांना हे सांगायला जाताना पाय जड झाले होते.

शेवटी जोड्या लावल्या: एकच ओहोळ, एकाच प्रकारची माती, एक शेत सेंद्रिय आणि एक रासायनिक. कर्बातला फरक टिकला, पण आधीपेक्षा लहान. माझ्या मते तोच खरा. पाण्याचं वेगळंच निघालं. वरच्या शेतात युरिया पडत असेल तर खालच्या सेंद्रिय शेतालगतच्या पाण्यातही नायट्रेट सापडतं, खालच्याने कितीही जीवामृत घातलं तरी. केंद्र सरकारची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून गटाने सेंद्रिय शेती करायला सांगते, आणि ते योग्यच आहे. पण गट गावच्या हद्दीने न पाडता ओहोळाच्या पाणलोटाने पाडावेत, असं मला कळकळीने वाटतं.

नवा नकाशा काकींना दाखवला तेव्हा त्यांनी मेरांवरून बोट फिरवत वर नेलं आणि थांबल्या. "झर कुठे गेली?" खरंच, राहिली होती. त्यांनीच पेनाने टिंब काढलं. आता ओहोळाच्या पाण्याचा पहिला नमुना मी त्या झरीपाशी घेते, आणि मग एकेक शेत उतरत खाली येते.