आईची बाटली १८ दिवसांतच का संपायची

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास दादाचा फोन आला, आईची डोळ्याच्या ड्रॉप्सची बाटली परत संपली म्हणून. म्हटलं अरे आत्ता तर आणलेली, तर म्हणे कंपनीवाले कमीच भरतात गं, २.५ मिलीची एवढीशी बाटली, त्यात येणार तरी काय. मला पण पटलं आणि विषय तिथेच मिटला.

आई ७१ वर्षांची, कराडला दादाकडे असते. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू दाखवायला म्हणून गेली आणि काचबिंदू घेऊन आली. शेजारपाजारच्यांना अजून वाटतं दोन्ही एकच, 'करून टाका ऑपरेशन, आमच्या यांचं अर्ध्या तासात झालं'. नावात बिंदू आहे एवढंच काय ते साम्य. मोतीबिंदूत आतली लेन्स गढूळ होते, ती काढून दुसरी बसवली की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस मरत जाते आणि मेलेला भाग कुठलंच औषध, कुठलंच ऑपरेशन परत आणत नाही, आहे तेवढी नजर राखायची बस. आईची आई शेवटची कितीतरी वर्षं भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायची, घरात सगळे म्हणायचे म्हातारपण, आता वाटतं तेच असणार, पण तेव्हा तिला दाखवलं कोणी.

मोरीवरून आठवलं, दादाला मी हे मोरीचंच उदाहरण देऊन समजावलं. डोळ्यात आतल्या आत एक पाणी सतत तयार होत असतं (अश्रू नाहीत, ते वेगळे) आणि एका बारीक जाळीतून बाहेर जात असतं. म्हणजे नळ चालू आणि मोरी तुंबलेली, मग प्रेशर वाढणारच. साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात, आईचं उजव्या डोळ्याचं २८ निघालं, डाव्याचं २६. बरं दुखत वगैरे काही नव्हतं, तिच्या प्रकारात दुखत नाही हीच तर भानगड. तिला दिलं लॅटॅनोप्रॉस्ट, रोज रात्री दोन्ही डोळ्यात एक एक थेंब. हे औषध नळाला हात लावत नाही, पाणी जायला दुसरी वाट मोकळी करतं. टिमोलॉल म्हणून जुनं औषध आहे ते नळ बारीक करतं, पण आईला दमा आहे आणि दम्यात ते चालत नाही, डोळ्यात टाकलं तरी रक्तात उतरतं आणि धाप लागू शकते. डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून दिलंय. तरी एकदा मेडिकलवाल्याने 'ही पण तीच आहे' म्हणून दोन औषधं एकत्र असलेली बाटली दिली होती, त्यात टिमोलॉल होतंच. वहिनीने बारीक अक्षर वाचलं म्हणून बरं. तुमच्या घरी कोणाला दमा किंवा हार्टचं काही असेल आणि काचबिंदूचे ड्रॉप्स चालू असतील तर डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगा, लोकांना वाटतं डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध.

तर वर्षभर औषध टाकून आईचं प्रेशर २४ वर अडकलेलं. डॉक्टर म्हणाले १८ च्या खाली हवंय, आता दुसरं औषध वाढवू नाहीतर लेझर बघू. मी त्या वेळी सोबत होते. तिथे डोळे तपासायला एक मुलगी होती, असेल २४-२५ ची, ती सहज म्हणाली आजी, थेंब कसा टाकता ते दाखवा ना मला. तिने नुसत्या ल्युब्रिकंटची बाटली हातात दिली. आईने मान मागे केली, डोळा गच्च मिटला आणि पापणीवर थेंब टाकला, तो गालावरून सरळ पदरावर. म्हणाली पडला. मग स्वतःच म्हणाली पडला की नाही कळत नाही बाई, म्हणून मी दोन-तीन टाकते.

वर्षभर आम्ही सगळे 'औषध घेतलंस का' विचारत होतो, ती 'हो' म्हणत होती आणि खोटं काहीच नव्हतं त्यात!

घरी येऊन हिशोब केला. २.५ मिलीत साधारण ८० थेंब बसतात, दोन डोळ्यांचे महिन्याला लागतात ६०. म्हणजे बाटली महिना निघून थोडी उरायला हवी, आणि आमची १८ दिवसांत रिकामी. उत्तर तिथेच होतं आणि आम्ही कंपनीला शिव्या घालत बसलो. आणि जास्त टाकून फायदा पण नाही, डोळ्यात एका थेंबाला पुरेल एवढीसुद्धा धड जागा नसते, बाकीचं गालावरच येतं. शिवाय लॅटॅनोप्रॉस्ट दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा टाकलं तर उलट त्याचा परिणाम कमी होऊ शकतो, हे औषधासोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद आपण आधी फेकतो.

मग त्या मुलीने शिकवलं. हात धुवून आडवं पडायचं, वर पंख्याकडे बघायचं, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करायचा, बाटली धरलेला हात कपाळावर टेकवायचा म्हणजे थरथरत नाही (आईची बोटं संधिवाताने वाकलीत), बाटलीचं टोक कुठेही लावायचं नाही, एकच थेंब आणि मग डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून ठेवायचा, म्हणजे औषध नाकातून घशात जात नाही. डोळे पिचकायचे नाहीत. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुवून काढतं. आईला हे सगळं जमायला आठवडा लागला, एक दिवस तर चिडून म्हणाली या वयात मला खिसे शिवायला लावता.

दोन महिन्यांनी प्रेशर १७ आणि १७. औषध तेच, एक थेंब कमीच. दुसरं औषध तूर्तास नको म्हणाले.

एक गंमत सांगायची राहिली. या औषधाने पापण्यांचे केस वाढतात, लांब आणि काळेभोर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघी-तिघींनी आईला विचारलं काजळ कुठलं वापरता. याच जातीच्या एका औषधाला अमेरिकेत २००८ च्या शेवटी खास पापण्या वाढवायला म्हणून मंजुरी मिळालीय, आणि आमच्या मातोश्रींना फुकट मिळतंय म्हणून दादा चिडवतो. डोळ्याखालची कातडी मात्र जरा काळवंडलीय, त्याला उपाय म्हणजे बाहेर आलेलं औषध लगेच पुसून घेणं.

नवीन बाटली न उघडता फ्रीजच्या दारात, मोरांब्याच्या बरणीशेजारी. उघडली की वहिनी मार्करने तारीख टाकते आणि महिना झाला की उरलेलं टाकून देते, आईचा जीव तुटतो पण देते. आईचं औषध कधी चुकतं तर लग्नकार्यात. मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नात चार दिवस टाकलंच नाही, का तर काही फरक तर पडत नाही. तिचं पण काय चुकलं, बीपीच्या गोळीने निदान आकडा घरी बघता येतो, इथे थेंब टाकला तरी काही जाणवत नाही, नाही टाकला तरी नाही.

मी पण तपासून घेतलं. आईला असेल तर मुलांना शक्यता जास्त, त्यामुळे चाळिशीनंतर नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही, नस बघायला सांगायची. माझं प्रेशर १९, नस ठीक, वर्षाने परत बोलावलंय. दादा अजून 'जातो जातो' करतोय.

आईची पुढची तारीख जूनमधली आणि या वेळी फील्ड टेस्ट पण आहे, नजरेचा घेर तपासायची, ती अंधारात बारीक दिवे लुकलुकतात आणि दिसला की बटण दाबायचं ती. आत्तापासून कुरकुर चालू झालीय की मशीन मुद्दाम दिवाच लावत नाही मध्ये मध्ये.