आठ मिनिटं

हिंजवडीत बसून मी अमेरिकेतल्या रुग्णालयांचे भुलीचे चार्ट कोड करते, म्हणजे विम्याच्या बिलासाठी त्यांतल्या कामाला ठरलेले कोड लावते. रात्रपाळी, समोर दोन स्क्रीन. त्या रात्री गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचा चार्ट आला. मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या रुग्ण, कोड ०१४०२, मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) एए, म्हणजे भूलतज्ज्ञांनी स्वतः भूल दिली. वेळ ७:३२ ते ९:०६. रोजचंच काम, पण सॉफ्टवेअरने क्लेम अडवला. त्याच भूलतज्ज्ञांच्या नावावर दुसऱ्या थिएटरमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन ८:५८ला सुरू झालं होतं. तेही एए.

आठ मिनिटं एक माणूस दोन ठिकाणी?

टीम लीड घाईत होत्या. "अगं, दोन्हींना क्यूके लाव आणि सोड." क्यूके म्हणजे डॉक्टर एकाच वेळी दोन ते चार केसेसवर देखरेख करत होते. खोलीत भूल सांभाळायला दुसरं कुणी, बहुधा नर्स ॲनेस्थेटिस्ट. तिचा क्लेम क्यूएक्स लावून वेगळा जातो आणि मेडिकेअर दोघांना निम्मे-निम्मे पैसे देतं.

"मॅम, पण दोन्ही चार्टवर दुसऱ्या कुणाची सहीच नाही."

त्या खुर्ची ओढून बसल्या, पानं बघितली. "मग होल्डवर ठेव."

सर्जनच्या क्लेमवर गुडघा बदलण्याच्या कोडला, २७४४७ला, आरटी लागलं होतं, उजवा गुडघा, प्रश्न नाही. सर्जनचा मॉडिफायर कुठला गुडघा ते सांगतो, आमचा मॉडिफायर रुग्णाच्या उशाशी कोण होतं ते सांगतो. ते अंदाजाने लिहायचं मला जमत नाही.

मी भुलीचा तक्ता मोठा करून पाहिला. दर पाच मिनिटांनी रक्तदाबाच्या खुणा, ८:५० पर्यंत ओळीने. पुढे कोरं. मग रिकव्हरीतल्या नर्सची नोंद सापडली: ८:५४ला रुग्ण ताब्यात घेतला, श्वास व्यवस्थित. भुलीची वेळ तिथेच संपते, रुग्ण सुखरूप दुसऱ्याच्या हाती सोपवला की. पण वेळ दुरुस्त करायचा अधिकार कोडरला नाही. डॉक्टरांना क्वेरी टाकली. क्वेरीत उत्तर सुचवायचं नसतं, म्हणून तिन्ही वेळा जशाच्या तशा लिहिल्या आणि विचारलं, भूल कधी संपली?

दुसऱ्या रात्री त्यांनी सही करून जोडलेली दुरुस्ती आली. भूल ८:५४ला संपली. ९:०६ ही पुढच्या थिएटरमधल्या संगणकावरून चार्ट बंद केल्याची वेळ.

म्हणजे ९४ नाही, ८२ मिनिटं. भुलीचे पैसे युनिटांवर ठरतात. १५ मिनिटांचं एक युनिट, तेव्हा वेळेची ६.३ ऐवजी ५.५ युनिटं, अधिक या ऑपरेशनसाठी ठरलेली मूळची ७. १३.३ची १२.५ झाली. फरक पाऊण युनिटाच्या आसपास. पण मेडिकेअर ८० टक्के देतं, उरलेले २० टक्के रुग्णाकडे किंवा तिच्या पूरक विम्याकडे जातात. न दिलेल्या बारा मिनिटांचे पैसे त्या बाईंनी का भरावेत?

दोन्ही क्लेम एए लावूनच गेले. गुडघ्याचा ८२ मिनिटांचा.